चप्पल मिलानला गेली, नाव मागे राहिले

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा नवा संग्रह मांडला. मॉडेलांच्या पायांतल्या चपला पाहून कोल्हापूरला लगेच ओळख पटली. तोच अंगठा, तीच वेणी, तोच सपाट तळ. कंपनीच्या माहितीत मात्र ‘लेदर सँडल’ एवढेच लिहिलेले होते. भारताचे नाव नव्हते, कोल्हापूरचे तर नव्हतेच. संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले, कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले आणि जुलैत तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली.

जागतिकीकरण चांगले की वाईट, हा प्रश्न आपण १९९१ पासून चघळत आहोत. तो हवेत सुटत नाही. एखाद्या गावात, एखाद्या धंद्यात उतरूनच तपासावा लागतो. कोल्हापुरात त्याबद्दल दोन मते ऐकू येतात. ती मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी दिली आहेत. मामा सुभाषनगरात चप्पल करणारे कारागीर. भाची शिवाजी विद्यापीठाची वाणिज्य पदवीधर, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या निर्यात विभागात नोकरीला. जगाच्या बाजाराची धास्ती कारागिराला असेल आणि जिचा पगार निर्यातीतून येतो तिला त्याचे कौतुक असेल, असे कुणालाही वाटेल. इथे तसे नाही.

भाची : मामा, जागतिकीकरण म्हणायचं कशाला, ते आधी ठरवू या. नुसता परदेशाशी व्यापार म्हणाल तर तो कोल्हापूरला नवा नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात रोमन समुद्रदेवाची कांस्याची मूर्ती सापडली. सातवाहनांच्या काळातली ती. आज टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे इटलीशी आपली देवघेव दोन हजार वर्षांची.

मामा : मग नवं काय झालं?

भाची : नवं हे, की आता लांबच्या एका खोलीत झालेला निर्णय इथलं काम, इथला भाव आणि इथला पगार ठरवतो, आणि तेही काही दिवसांत. जुलै १९९१ मध्ये आपण आयातीचे परवाने सैल केले, परदेशी भांडवलाला वाट दिली. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. माल मोकळा झाला, पैसा मोकळा झाला, तंत्र मोकळं झालं. माणूस मात्र अजून व्हिसाच्या रांगेत उभा आहे. तुमच्या चपलेसारखी चप्पल मिलानला गेली; तुम्हाला जायचं असेल तर बँकेचं खातं दाखवावं लागेल. ही असमानता धरूनच व्याख्या करायला हवी.

मामा : ते खरं हाय. पण माझी व्याख्या साधी हाय. गिऱ्हाईक लांबचं झालं, हेच जागतिकीकरण. आनि लांबचं गिऱ्हाईक आलं म्हणून कारागीर बुडाला, असं मी बघितलेलं न्हाई. साठ-सत्तरच्या दशकात परदेशातली ती लांब केसांची हिप्पी पोरं आपली चप्पल घालून हिंडायची. तवा तिकडं माल जायला लागला, घराघरांत काम वाढलं. जग आलं म्हणून वाईट झालं, हे मला पटत न्हाई.

भाची : काम वाढलं, पण भाव कुणी ठरवला? आमच्या फाउंड्रीचंच सांगते. आमचं कास्टिंग परदेशातल्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत बसतं. ऐकायला छान वाटतं. पण मोठं गिऱ्हाईक दरवर्षी म्हणतं, दर कमी करा. वीज महागली, भंगार महागलं, तरी दर कमी. पैसे महिन्यांनी येतात. २००८ मध्ये अमेरिकेत घरकर्जं बुडाली आणि इथल्या फाउंड्र्यांच्या पाळ्या कमी झाल्या. ज्या कामगारानं अमेरिका नकाशावरसुद्धा पाहिली नव्हती, त्याची हजेरी तुटली. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारताच्या बऱ्याच मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. माल बनवणाऱ्यांच्या कामाचा दर्जा त्या रात्रीत घसरला होता का? नाही. लांबच्या राजकारणाचा दंड त्यांना भरावा लागला.

मामा : व्हय, पण ही फाउंड्री उभी कशी राहिली, ते बी सांग की. उद्यमनगरातल्या मेस्त्र्यांनी परदेशी इंजिनं उघडून बघितली, तशी घडवली, मग त्याहून बरी घडवली. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा बघितला आनि इथंच कॅमेरा तयार केला. १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तिथनंच पुढं प्रभात फिल्म कंपनीची माणसं निघाली. दार बंद ठेवलं असतं तर कोल्हापूर आज कुठं असतं? अगं, आपला तांबडा रस्सा ज्या मिरचीवर उभा हाय, ती मिरची बी अमेरिकेतनं पोर्तुगीजांनी आणलेली.

भाची : मिरची आली तेव्हा तिचं बी शेतकऱ्याच्या हातात राहिलं, मामा. त्यानं ते साठवलं, वाटलं, आपल्या मातीत मुरवलं. ब्याडगी, संकेश्वरी हे सगळं आपल्या शेतकऱ्याचं कर्तृत्व. त्यासाठी कुणाची परवानगी नको होती. आज बाहेरून वस्तू येते ती पेटंट, करार आणि अटी घेऊन. आणि पोर्तुगीज काही प्रेमानं मिरची वाटायला आले नव्हते. ते तोफा घेऊन आले होते.

मामा : हा मुद्दा मान्य. कॅमेरा आपण उघडून बघू शकलो, हे बी तसंच. जे उघडून बघता येतं, शिकता येतं, ते आपलं होतं. जे नुसतं विकत घ्यायचं, ते परकंच राहतं.

भाची : मग चपलेकडे या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला सगळे जीआय म्हणतात. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. तरीही मिलानमध्ये ती बिनधास्त मांडली गेली. कारण जीआय मुख्यतः नावाचं रक्षण करतं. ‘कोल्हापुरी’ हे नाव लावून दुसरीकडची चप्पल विकली तर गुन्हा. पण नावच घेतलं नाही आणि घाट तेवढा उचलला, तर? शिवाय आपली नोंदणी भारतात चालते, इटलीत आपोआप चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं, ज्यांच्या नावावर मानांकन आहे त्यांनी यावं. म्हणजे चोरी झाली असं सगळ्या गावाला वाटतं, पण तक्रार कुणी करायची हेच ठरत नाही.

मामा : ते मानांकन आहे कुणाच्या नावावर?

भाची : दोन सरकारी महामंडळांच्या. आपल्याकडचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातलं डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचं. कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करायची असते. एक गोष्ट मात्र मला मान्य केली पाहिजे. हा जीआयचा कायदा आपल्याकडे १९९९ मध्ये झाला, तो जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या करारामुळेच. ज्याला मी दोष देते आहे, त्यानंच हे हत्यारही दिलं.

मामा : हत्यार दिलं, पण ते ज्याच्या हातात पायजे त्याच्या हातात न्हाई. आता माझं ऐक. प्राडानं नाव घेतलं न्हाई म्हणून गाव पेटलं. कोल्हापूरची अस्मिता, कोल्हापूरची शान. पण हे काम करणाऱ्या माणसाला या गावानं कधी शान दिली? चामड्याचा वास येतो म्हणून आमची वस्ती गावाबाहेर. पायताण पायात चालायचं, पायताण करणारा उंबऱ्यात चालायचा न्हाई. शाहू महाराजांनी माणूस म्हणून वागवलं, त्यांच्यानंतर किती जणांनी वागवलं? पोराला हा धंदा शिकवावा असं मलाच वाटत न्हाई, कारण यात पोरगी द्यायला कुणी तयार न्हाई. इटलीनं नाव गाळलं हे चूकच. पण आमचं नाव आधी इथंच गाळलं गेलं.

भाची : यावर माझ्याकडे उत्तर नाही, मामा.

मामा : आनि भावाचं बी सांगतो. कातडं चुन्यात टाकायचं, बाभळीची साल आनि हिरड्यानं पकवायचं, तळ कुटायचा, कान बसवायचे, वेणी घालायची. वेणीचं काम घरातल्या बायका करतात. खिळा वापरायचा न्हाई, चामड्याच्या वादीनंच शिवण. एवढं करून हजार-दोन हजाराची चप्पल बघितली की आपलंच गिऱ्हाईक म्हणतं, शंभर कमी करा. शेजारी रेक्झिनची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून तीनशेला विकली जाते. ती इटलीनं आणलेली न्हाई, आपल्याच देशात बनते. २०१५ ला आपल्याच राज्यानं गोवंशाचा कायदा कडक केला, बैलाच्या चामड्याची टंचाई झाली, आता कातडं लांबनं मागवावं लागतं. हे बी जागतिकीकरणानं केलं न्हाई. सगळं बाहेरच्यावर ढकलून आपण मोकळं होतो.

भाची : पण बाहेरून येणारं सगळंच अंगावर घ्यायचं का? दुधाचं बघा. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियासह पंधरा देशांबरोबरचा आरसेप करार होऊ घातला होता. तिथली स्वस्त दूध पावडर इथे आली असती तर दोन म्हशींवर घर चालवणारी करवीर-कागलची बाई कुठे गेली असती? ४ नोव्हेंबर २०१९ ला भारतानं त्या करारातून अंग काढून घेतलं. दार लावणं हाही कधीकधी शहाणपणाचा निर्णय असतो.

मामा : बरोबर. पण दार लावा म्हणून सरकारला सांगितलं कुणी? दूध संघांनी. आपला गोकुळ १९६३ पासून उभा हाय. गावोगावच्या डेअऱ्या त्याला जोडलेल्या. त्यांचा आवाज दिल्लीपर्यंत गेला. आमच्या चामड्याचा आवाज जातो का?

भाची : आणि ऊस?

मामा : उसाचं तूच सांग, तू कागदं वाचतीस.

भाची : उसात तर दोन्ही बाजू दिसतात. साखरेचा जागतिक भाव न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारात ठरतो, आणि ब्राझीलमध्ये पीक कसं आलं यावर तो हलतो. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. शिरोळच्या शेतकऱ्याला मिळणारी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, हीसुद्धा त्यांना खुपली. डिसेंबर २०२१ मध्ये तंटा समितीचा निकाल आपल्याविरुद्ध गेला. भारतानं अपील केलं, पण तिथलं अपील मंडळच २०१९ पासून बंद पडलेलं. म्हणजे जिनिव्हातल्या ज्या न्यायालयात आपल्याला खेचलं, त्याचं वरचं दालन कुलूपबंद. हा कसला न्याय?

मामा : आनि दुसरी बाजू?

भाची : दुसरी बाजू आपल्याच दिल्लीची. जून २०२२ पासून केंद्रानं साखरेच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि २०२३-२४च्या हंगामात तर कोटाच दिला नाही. जगात साखरेला भाव होता तेव्हा कारखान्यांना तो घेता आला नाही. बाजार खुला असला की तोटा शेतकऱ्याचा, आणि फायद्याची वेळ आली की दार बंद.

मामा : मग बघ, दार उघडं की बंद, हा प्रश्नच अर्धा झाला. दाराची कडी कुणाच्या हातात, हा खरा प्रश्न.

भाची : म्हणूनच डिसेंबर २०२५ च्या कराराकडे मी संशयानं बघते. प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला. कोल्हापुरी चपलेवरून प्रेरणा घेतल्याचं सांगून मर्यादित २,००० जोड आपल्या भागात करून घ्यायचं ठरलं, आणि किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या वर. नाव आलं, चांगलंच झालं. पण त्या ऐंशी हजारांतले वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात किती पडणार, हे त्या बाईनं ठरवलेलं नाही. २,००० जोड संपल्यावर काय, हेही तिनं ठरवलेलं नाही.

मामा : तरी मी म्हणेन, करार झाला ते बरंच झालं. माझा पोरगा पहिल्यांदा मला म्हणाला, बाबा, तुमचं काम इटलीची माणसं बघायला आली. त्याच्या डोळ्यांत या कामाला किंमत आली. ती मला गावानं मिळवून दिली न्हाई.

भाची : आणि मी म्हणेन, किंमत डोळ्यांत आली तशी हिशेबाच्या वहीतही यायला पाहिजे. आपलीच गोष्ट बघा. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली. तिचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. तेही इटलीतच. पण तेव्हा तुकारामांचं नाव कुणी गाळलं नाही, प्रभातचंही गाळलं नाही. कारण चित्रपट ज्यांनी केला, कंपनीही त्यांचीच होती. भागीदारांनी मिळून काढलेली. ते आपली वस्तू घेऊन जगासमोर गेले. चपलेच्या वेळी जग आलं आणि वस्तू उचलून घेऊन गेलं.

मामा : तुझं-माझं इथं जुळतं. पर एकत्र यायला भांडवल लागतं, जमीन लागते, पुढारी लागतो. उसाला ते मिळालं. चामड्याच्या बी सोसायट्या निघाल्या, पण साखरेसारखं बळ त्यांना कधी आलं न्हाई. का आलं न्हाई, ते ह्या जिल्ह्यानं स्वतःला विचारावं.

दोघांचा वाद इथे थांबवतो. माझे मत सांगणे आता माझे काम आहे.

भाचीची व्याख्या मला मान्य आहे. वस्तू, पैसा आणि तंत्र यांनी सीमा ओलांडणे जुने आहे. एका ठिकाणच्या निर्णयाने दुसऱ्या ठिकाणचे पोट हलणे, हे त्याचे आजचे रूप आहे. अशा गोष्टीला सरसकट चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही, पण म्हणून निवाडाच करायचा नाही असेही नाही. प्रत्येक प्रकरण घेऊन विचारावे, की नाव कुणाचे लागले, भाव ठरवताना कारागीर किंवा शेतकरी खोलीत होता का, आणि सौदा पटला नाही तर नकार देण्याची ताकद त्याच्यात होती का. या कसोटीवर मिरची आणि कॅमेरा उतरतात. दूध टिकते, कारण त्यामागे संघ उभे होते. ऊस कधी टिकतो, कधी मार खातो. आणि मार देणारा हात दर वेळी परका नसतो. फाउंड्रीचा माल जगभर जातो, पण भावावर तिचा ताबा नाही. चप्पल मात्र मिलानला गेली तेव्हा या तिन्ही प्रश्नांत नापास झाली.

हा दोष एकट्या प्राडाचा नाही. कोल्हापूर हा सहकाराचा जिल्हा. इथे उसाला कारखाने मिळाले, दुधाला संघ मिळाला, गुळाला शाहूपुरीची पेठ मिळाली आणि पुढे २०१४ मध्ये मानांकनही मिळाले. ज्या वस्तूने या गावाचे नाव सातासमुद्रापार नेले, ती घडवणाऱ्या समाजाला तेवढे बळकट, स्वतःच्या मालकीचे संघटन आपण उभारू दिले नाही. त्यामागे जातीने ठरवलेली कामाची पायरी आहे, हे स्पष्ट बोलायला हवे. बाहेरच्या अन्यायावर आवाज उठवायचा आणि घरातल्या अन्यायावर गप्प बसायचे, याला अस्मिता म्हणत नाहीत.

उपाय अवघड आहे, पण अनोळखी नाही. आठही जिल्ह्यांतल्या कारागिरांचा, महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमा ओलांडणारा एक उत्पादक संघ हवा. मानांकनाचा वापर कुणी, कोणत्या अटीवर करायचा, यात महामंडळांबरोबर त्या संघाचा शब्द चालला पाहिजे. कातडे एकत्र विकत घेणे, दर्जा तपासणे, परदेशात नावाची आणि घाटाची नोंदणी करणे, ही कामे एकट्या कारागिराच्या आवाक्याबाहेरची आहेत. संघाच्या आवाक्यातली आहेत. वेणी घालणाऱ्या स्त्रिया या संघाच्या सभासद असायला हव्यात, केवळ सभासदांच्या बायका म्हणून नव्हे. जिल्हा बँक, साखर कारखाने आणि दूध संघ यांनी यासाठी सुरुवातीचे भांडवल द्यावे. सहकाराच्या जोरावर हा जिल्हा सधन झाला. त्या सधनतेतला वाटा चामड्याच्या कामाला देणे हे उपकार नव्हेत, ते जुने देणे आहे.

आणि वाचकहो, तुम्ही पुढच्या वेळी कोल्हापुरी चप्पल घ्याल तेव्हा ती कुठे झाली आणि कुणी केली हे दुकानात विचारा. हाताने केलेल्या, बाभळीच्या सालीने पकवलेल्या कातड्याच्या जोडीचे पूर्ण पैसे द्या. शंभर कमी करा म्हणू नका. मिलानकडून आपण ज्या न्यायाची अपेक्षा करतो, तो आधी आपल्या खिशातून सुरू झाला पाहिजे.